अक्षरसंकेतातील बिघाड (मराठी मजकूर)

डेटाबेस आणि वर्डसारखी लेखन-आज्ञावली यांच्यात मराठी मजकूर नेताना-आणताना अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटण्याचा दोष. एका संकेताने लिहिलेले दुसऱ्या संकेताने वाचले गेले की तो उद्भवतो. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांच्या मुंबई उपनगर जिल्ह्यात घाटकोपर-मुलुंडच्या डीटीपीवाल्यांपासून अंधेरीच्या सीप्झमधील संगणक कंपन्यांपर्यंत कोणाचीच त्यातून सुटका नाही.

दोषाचे मूळ इतिहासात आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की हा संकेत आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध केला, पण बाजार आपल्याच वाटेने गेला. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसवले. युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट दिला आणि विंडोज २००० पासून तो घरगुती संगणकावर चालू लागला. विंडोजसोबत मिळणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. ते पवईच्या आयआयटीत शिकवत आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होते. म्हणजे उपायातला मोठा वाटा उपनगरातूनच गेला. छापखान्यांच्या जुन्या फायली मात्र होत्या तिथेच राहिल्या.

निदान चिन्हांच्या रूपावरून करावे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ‘ए’ दर तिसऱ्या जागी येत असेल तर मजकूर शाबूत आहे, वाचणाऱ्याचा चष्मा तेवढा चुकला आहे. ‘अंधेरी’ या नावात युनिकोडचे सहा संकेतांक आहेत; यूटीएफ-८ मध्ये त्यांचे १८ बाइट होतात. ते विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य संकेताने वाचले की १८ चिन्हे दिसतात. त्यांत चार वेळा चलनाचे गोल चिन्ह येते आणि दोन वेळा जपानी येन : एकदा ‘धे’च्या मात्रेला, एकदा ‘री’च्या वेलांटीला. डेटाबेसमधून काढलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की बहुधा हेच घडते. ती बंद करावी, ‘डेटा’ मेनूतून आयात करावी आणि मूळ संकेत म्हणून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावा. बिघडलेल्या अवस्थेत फाइल साठवली तर चुकीची चिन्हेच नव्याने संकेतबद्ध होतात आणि एक गाठ सोडवण्याऐवजी दोन सोडवाव्या लागतात.

रोमन अक्षरांचा निरर्थक गाळ दिसला, आणि जुना फॉन्ट लावताच तो सुरेख मराठी झाला, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. डेटाबेसला फॉन्टशी देणेघेणे नसते. तो गाळच जपून ठेवतो. इथे परिवर्तक लागतो, आणि तोही नुसता अक्षरास अक्षर बदलणारा नको. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असतो; युनिकोडमध्ये क्रम उलटा. क्रम न हलवणारा परिवर्तक ‘कुर्ला’चे ‘कुलार्’ करतो आणि ‘बोरिवली’च्या वेलांटीखाली ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. एखादे परिवर्तक-साधन विश्वासाचे आहे का, हे पाहायला ही दोन स्थानके पुरेशी आहेत. वर्डची स्वयंदुरुस्तीही इथे नडते. कृतिदेवात सरळ एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी अर्धा ‘श’ आहे आणि छोट्या ‘के’च्या जागी काना, मोठा ‘के’ म्हणजे ‘ज्ञ’. वर्डने अवतरणचिन्ह वाकडे केले किंवा वाक्यारंभीचे अक्षर मोठे केले की शब्द बदलला. जुन्या फॉन्टात काम असेल तर ही सोय आधी बंद करावी.

मजकूर वाचता येतो पण शोधात सापडत नाही, हा प्रकार खास मराठीचा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीच्या नोंदींत तो ‘अ’ आणि चंद्र असा जोडून लिहिलेला आहे. ‘कुऱ्हाडे’ आडनावातला अर्धा ‘र’ही दोन रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना फरक कळत नाही, डेटाबेसला कळतो, आणि सोसायटीच्या यादीत एकच सभासद दोनदा दिसतो. यादी भरतानाच एक रूप ठरवून घ्यावे.

रिकाम्या चौकोनांनी घाबरू नये. फॉन्ट बदलला की ते जातात. प्रश्नचिन्हे मात्र गंभीर. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या व्हारकार रकान्यात, किंवा मायएसक्यूएलच्या लॅटिन-१ तक्त्यात, मराठी ओतली की प्रत्येक संकेतांकाऐवजी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवले जाऊ शकते. पहिल्यात एनव्हारकार आणि दुसऱ्यात यूटीएफ८-एमबी४ वापरावे. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपर्यंतच जातो. त्यात देवनागरी मावते, पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेली मोडी मावत नाही, कारण तिला चार बाइट लागतात. एकदा साठवलेली प्रश्नचिन्हे कोणताही परिवर्तक उलटवू शकत नाही. मूळ फाइल किंवा बिघाडाआधीचा बॅकअप असेल तरच मजकूर परत मिळतो.