दुखवट्याचं दुकान



गटाच्या कर्जाच्या अर्जात ‘कारण’ असा एक रकाना असतो. बियाणं, शेळी, मुलीची फी, आणि अधूनमधून ‘दिवसकार्य’. शेळीचं कर्ज शेळी फेडते. दिवसकार्याचं कर्ज मागं राहिलेली बाई फेडते. त्या रकान्यावरून आज एक जुनी हकिकत सांगते. ती आपल्याकडची नाही, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची आहे.

लंडनच्या रीजंट स्ट्रीट या बाजाररस्त्यावर १८४१ साली विल्यम जे नावाच्या व्यापाऱ्यानं मोठं दुकान काढलं. खास दुखवट्याच्या कपड्यांचं. काळे झगे, टोप्या, शाली, हातमोजे, सगळं एका छपराखाली. घरात अचानक कुणी गेलं तर चिठ्ठी किंवा तार पाठवायची, की दुकानाच्या शिलाईवाल्या बाया देशात कुठंही कापड घेऊन घरी येत. प्रवासखर्चही दुकानाचा! रडणाऱ्या बाईला ‘हे कापड नको, स्वस्तातलं दाखवा’ असं म्हणायचा धीर कुठून येणार?

नियम बाईलाच जास्त. विधवेनं साधारण दोन-अडीच वर्षं दुखवटा पाळायचा. पहिलं वर्ष अंगभर क्रेप. पुढं क्रेप कमी करत जायचं आणि शेवटी करडा, फिकट जांभळा रंग चालायचा. म्हणजे प्रत्येक टप्प्याला नवे कपडे. बायको गेलेल्या पुरुषाचा दुखवटा थोडक्यात आटपे. काळा कोट त्याच्याकडं असायचाच, टोपीला काळी पट्टी लावली की झालं.

हे क्रेप म्हणजे चुण्या पाडलेलं, चमक नसलेलं रेशमी कापड. पावसात भिजलं की डाग पडून वाया जाई, आणि त्याचा काळा रंग अंगाला लागे. वर अशी समजूत, की दुखवटा संपल्यावर क्रेप घरात ठेवणं अशुभ. म्हणजे पुढच्या मयताला पुन्हा विकत आणा. ही समजूत कुणाच्या फायद्याची, ते तुम्हीच ओळखा. एसेक्स भागातल्या कोर्टोल्ड कंपनीनं क्रेपवर मोठी कमाई केली. तिच्या गिरण्यांत राबणाऱ्या बहुतेक बाया आणि मुलीच होत्या.

१८६१ च्या डिसेंबरात व्हिक्टोरिया राणीचा नवरा वारला. राणीनं १९०१ साली मरेपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत. तिचं बघून मध्यमवर्गातल्या बायांवरचा दाब आणखी वाढला.

गरिबांचं काय? त्यांना मरणापेक्षा बेवारस मरणाची भीती मोठी होती. १८३२ च्या कायद्यानं, गरीबखान्यात मेलेल्या आणि कुणी नेायला न आलेल्या माणसाचं प्रेत डॉक्टरकी शिकणाऱ्यांना चिरफाडीसाठी देता येऊ लागलं होतं. म्हणून मजूर बाया पोटाला चिमटा काढून आठवड्याला पेनी-पेनी बाजूला टाकत. ही मयतीची भिशीच म्हणा. पण भिशी चालवणारा बऱ्याचदा दारूच्या गुत्त्याचा मालक नाही तर अंत्यविधीचं सामान पुरवणारा असे. बाईनं साठवलेला पैसा शेवटी त्याच्याच गल्ल्यात. चॅडविक नावाच्या सरकारी माणसानं १८४३ साली या सगळ्यावर अहवाल दिला. पैसे जमेपर्यंत एका खोलीच्या घरात, लेकराबाळांत प्रेत कित्येक दिवस पडून राही, हेही त्यात आहे. मला वाटतं, त्या बायांना बचत शिकवायची गरजच नव्हती. वही मात्र त्यांच्या हातात नव्हती.

विरोध झाला नाही असं नाही. चार्ल्स डिकन्स हा मोठा लेखक १८७० साली गेला. माझ्या मयताला कुणी काळे अंगरखे आणि पट्ट्या घालून येऊ नये, असं त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. १८७५ साली हा खर्च कमी करण्यासाठी एक संस्थाही निघाली. पण खरी चाल मोडली ती १९१४ च्या महायुद्धात. घरोघरी तरुण मुलं मरू लागली, बायांना कामावर जावं लागलं, तिथं अडीच वर्षं क्रेपमध्ये कोण बसणार?

कोर्टोल्ड कंपनी त्याआधीच सावध झाली होती. १९०४ साली तिनं नकली रेशीम बनवण्याचे हक्क विकत घेतले आणि पुढं त्याच धाग्यावर ती आणखी मोठी झाली.