पटावर नसलेली पोरं

शाळेचा निकाल कुणी दाखवला की मी आधी पट मागतो. पास किती, ते मागनं. वर्गात कोण होतं अन् दाराबाहेर कोण, हे कळल्याबिगर टक्केवारी काय चाटायची?

जून १८५६. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोरानं प्रवेश मागितला. नाकारला. अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला. सरकारचं म्हणणं असं, की या एकट्यासाठी बाकीच्यांच्या दृष्टीनं शाळा निकामी होईल, ते बरं नाही. पोरगं हुशार की मठ्ठ, हा सवालच आला नाही.

१८५८ साली जाहीर झालं : निव्वळ सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या. पण जिथं गावातल्या लोकांची वर्गणी अन् त्यांचीच हरकत, तिथं आपली पोरं बसवायचा सरकारचा विचार नाही. अनुदान रोखायचा हक्क तेवढा राखून ठेवला. म्हणजे किल्ली परत वाड्यातच!

पुढं चोवीस वर्षांनी, १८८१-८२ साली, मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत ब्राह्मण पोरं ६३,०७१. 'हलक्या जातीचे हिंदू' या सदरात २,८६२. शेकडा एकसुद्धा नाही. कॉलेजात शून्य. १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढच्या निवेदनात हेच आकडे मांडले. ते स्वतः सातारच्या शाळेत घरनं नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसून शिकले होते.

आपली पोरं अभ्यासात ढ, असं मास्तर लोक पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले. त्या २,८६२ मधली वर्गात किती अन् ओसरीवर किती, असं सदर मात्र त्या तक्त्यात नाही.