वाद्यापासून मिक्सरपर्यंत : प्रस्तावना

कार्यक्रमाआधी तासभर मंचावर गेलात, तर कीबोर्डच्या स्टँडखाली, ऑक्टोपॅडच्या पायाशी किंवा गिटारवाल्याच्या खुर्चीमागे एक लोखंडी डबी पडलेली दिसेल. जेमतेम तळहाताएवढी. एका बाजूने वाद्याची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने माईकची वायर बाहेर पडते. मंचावरची माणसे तिला नुसते ‘डीआय’ म्हणतात. ‘एक डीआय कमी पडतोय’, ‘डीआय बदलून बघ रे’, एवढ्यापुरतीच तिची आठवण निघते. मंचीय ध्वनीचा अभ्यास माईकपासून किंवा स्पीकरपासून सुरू करण्याची रीत आहे. मी मात्र नव्या वाचकाला आधी या डबीपाशी बसवतो आहे. इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे, की ज्याला ही डबी नीट कळली, त्याला मंचावरचे निम्मे बिघाड नुसत्या कानाने ओळखता येतात.

शिकायला येणारी मुले पहिल्याच दिवशी विचारतात, ‘सर, वाद्याला जॅक आहे, मिक्सरला भोक आहे. वायर लावली की झालं ना? मधे ही डबी कशाला?’ प्रश्न अगदी रास्त आहे. किंबहुना या विषयाचा दरवाजा तोच आहे.

गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो डोळ्यांसमोर आणा. हा बँजो म्हणजे मुळात बुलबुलतरंग. त्याच्या पोलादी तारांखाली पिकअप असते, आणि पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की वेढ्यांत किंचित वीज उपजते. इलेक्ट्रिक गिटारचे पिकअपही असेच. एवढी लांब आणि बारीक तार म्हटल्यावर तिचा स्वतःचाच विरोध काही हजार ओहम भरतो. असा उगम म्हणजे बारीक झऱ्याची विहीर. घागरीने शेंदले तर पाण्याची पातळी हलत नाही. मोटर लावली तर घटकाभरात तळ दिसतो. समोरचे यंत्र वाद्याकडून घागरीने पाणी घेते आहे की मोटरने, याचे माप म्हणजे इंपीडन्स. इंपीडन्स मोठा असेल तर ती घागर, लहान असेल तर ती मोटर. मिक्सरच्या माईकच्या भोकाचा इंपीडन्स साधारण हजार-दोन हजार ओहम असतो. माईकला तो पुरतो. पिकअपसाठी मात्र ती मोटर झाली. वाद्य वाजते, पण दमलेले वाजते.

मधली वायरही आपला वाटा मागते. साध्या शिल्डेड वायरमध्ये दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड इतकी धारिता असते. नाट्यगृहात मंचापासून प्रेक्षागृहाच्या टोकाला बसलेल्या मिक्सरपर्यंत सहज ४० मीटर होतात, म्हणजे ४,००० पिकोफॅरड. दहा हजार ओहमच्या उगमापुढे एवढी धारिता आली की ४,००० हर्ट्झच्या आसपासपासून वरचा आवाज गळू लागतो. तारेवर नखी पडल्याचा जो लखलखीत क्षण असतो, तो नेमका तिथेच वर असतो. तीच वायर दीडशे ओहमच्या उगमाला जोडा, गळती अडीच लाख हर्ट्झच्याही पुढे जाते. तिथे माणसाचा कान काय, वटवाघळाचाही पोहोचत नाही.

डबीतला ट्रान्सफॉर्मर हेच साधतो. सर्वसाधारण डीआयमध्ये वेढ्यांचे प्रमाण बारास एक असते. व्होल्टेज बारा पटीने उतरते आणि इंपीडन्स बाराच्या वर्गाने, म्हणजे १४४ पटीने बदलतो. मिक्सरचे हजार ओहम वाद्याला १,४४,००० ओहम दिसतात. उतरलेले व्होल्टेज माईकच्याच पातळीचे असते, आणि ते वाढवण्यासाठी तर मिक्सरचा माईक-प्रीअँप बसलेलाच आहे.

इथे शब्दांविषयी थोडे. ट्रान्सफॉर्मरला महावितरणच्या कागदांवर ‘रोहित्र’ म्हणतात, इंपीडन्सला ‘संरोध’ असा शब्द आहे. दोन्ही शब्द मला आवडतात. पण रात्री नऊच्या कार्यक्रमाला पावणेनऊ वाजता मदतनिसाला ‘संरोध बघ’ म्हणून चालत नाही. म्हणून या पुस्तकात मंचावर चालणारेच शब्द घेतले आहेत: जॅकला पी-थर्टीएट, एक्सएलआरला कॅनन, फीडबॅकला शिट्टी. डबीला ‘पेटी’ म्हणण्याचा मोह मात्र आवरला. आपल्याकडे पेटी एकच, आणि ती हार्मोनियम.

पिकअपपेक्षाही नाजूक उगम आहे पिएझोचा. व्हायोलिनच्या घोडीखाली किंवा अकूस्टिक गिटारच्या ब्रिजखाली जी पातळ पट्टी बसवतात, ती हीच. दाब पडला की ती वीज देते, पण तिची धारिता हजार पिकोफॅरड किंवा त्याहूनही कमी. ती दहा हजार ओहमच्या लाइन इनपुटला थेट जोडली, तर हिशेबाने सोळा हजार हर्ट्झच्या खालचे सगळेच ढासळत जाते. म्हणजे व्हायोलिनमधले व्हायोलिन जाते आणि पत्रा खरवडल्यासारखा आवाज उरतो. ट्रान्सफॉर्मरच्या साध्या डीआयने ती सीमा अकराशे हर्ट्झच्या आसपास येते. तेवढ्यानेही भागत नाही, कारण व्हायोलिनची खर्जाची तार पाश्चात्त्य मिळणीत १९६ हर्ट्झवर बोलते, आणि आपले वादक तर ती आणखी उतरवून मिळवतात. दहा लाख ओहमचा अॅक्टिव्ह डीआय लावला की सीमा १६० हर्ट्झवर येते, एक कोटी ओहमचा लावला तर १६ हर्ट्झवर. वादक ‘माझा आवाज पातळ येतोय’ म्हणतो, तेव्हा आपण इक्वलायझरवर बेस चढवत बसतो. जे वायरमध्ये शिरलेच नाही, ते इक्वलायझर कुठून आणणार? अशा वेळी वादकाचे ऐकावे, आणि डबी बदलावी.

आता घुंघुं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हमिंगचा स्वर ठरलेला असतो: ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी. त्यातला १०० हर्ट्झचा स्वर छोट्या स्पीकरवरही ऐकू येतो. हार्मोनियमवर तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे, पांढरी पाचच्या जवळ पडतो. गायकाचा षड्ज पांढरी एक असेल, तर तो त्याला चढलेला पंचम होऊन छळतो. तानपुरा नेमका पंचमात मिळवलेला आणि खाली जमिनीतून हा दुसरा, जरासा चढा पंचम. श्रोत्यांना कळत नाही काय खुपते आहे. गायकाला बरोबर कळते. हमिंग ही तांत्रिक किरकिर आहे, संगीताशी तिचा संबंध नाही, असे मानणाऱ्यांनी एकदा गायकाच्या मॉनिटरसमोर बसून पाहावे.

हा आवाज बहुतेक वेळा अर्थिंगच्या फेऱ्यातून येतो. गिटारचा अँप मंचावरच्या सॉकेटवर, मिक्सर मागच्या भिंतीच्या सॉकेटवर. दोन्हींचे अर्थिंग आपापल्या वाटेने जमिनीत जाते आणि दोन्हींत थोडा व्होल्टचा फरक असतोच. वायरच्या शिल्डने ती दोन टोके जोडली की शिल्डमधून प्रवाह वाहू लागतो. पी-थर्टीएटच्या साध्या वायरमध्ये शिल्ड हीच सिग्नलची परतीची वाट असते, म्हणून तो प्रवाह थेट संगीतात मिसळतो.

मी शिकाऊ असताना एका तालुक्याच्या गावी ऑर्केस्ट्राला गेलो होतो. पडदा उघडायला दहा मिनिटे होती आणि गिटारच्या अँपमधून घुंघुं थांबत नव्हते. आमच्यातल्या ज्येष्ठाने अँपचा थ्री-पिन प्लग उघडला, पक्कडने आतली हिरवी वायर कापली आणि झाकण परत बसवले. घुंघुं गप्प. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली, मीही मनात म्हटले, याला म्हणतात अनुभव. तो प्लग बाहेरून धडधाकट दिसायचा. पुढे कितीतरी कार्यक्रमांत तो तसाच फिरला आणि कितीतरी मुलांनी त्या अँपला जोडलेली गिटार गळ्यात अडकवून, दुसऱ्या हाताने माईक धरून गाणी म्हटली. १९७२ साली वेल्समधल्या स्वानसी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी कार्यक्रमात माईकला हात लागताच शॉक बसून गेला. तिथल्या साधनांचे अर्थिंग धड नव्हते. हे मी फार उशिरा वाचले, आणि त्या रात्री झोप लागली नाही. या पुस्तकातली एकच ओळ लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: विजेच्या प्लगचे अर्थिंग कधीही तोडायचे नाही.

तोडायचीच असेल तर सिग्नलची वाट तोडावी, आणि डीआयमध्ये त्याची सोय केलेली आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना शिवत नाहीत. संगीत चुंबकक्षेत्रातून पलीकडे जाते, तारेतून नव्हे. डबीच्या कडेला ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण असते. ते सरकवले की कॅननची एक नंबरची पिन वाद्याच्या शिल्डपासून सुटते. फेरा तुटतो, आणि अँपची हिरवी वायर जागच्या जागी राहते. पुढे दोन आणि तीन नंबरच्या पिनांवरून सिग्नल एकमेकांच्या उलट जोडीने निघतो. वाटेत डिमरच्या वायरींचा किंवा ट्यूबलाइटचा जो गोंगाट बसतो, तो दोन्ही तारांवर सारखाच बसतो. मिक्सर दोन्हींतला फरक तेवढा घेतो, त्यामुळे संगीत उरते आणि गोंगाट जागीच छाटला जातो.

ही जोडतारेची युक्ती टेलिफोनवाल्यांची आहे. सुरुवातीला एकच तार टाकून परतीचे काम जमिनीवर सोपवत, त्यामुळे शेजारच्या तारांची कुरबुर बोलण्यात ऐकू यायची. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने पीळ दिलेल्या जोडतारेचे पेटंट १८८१ मध्ये घेतले. पुढच्याच वर्षी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. संगीतात ही डबी रूढ झाली ती १९६०च्या दशकात. डेट्रॉइटला मोटाउनच्या छोट्या स्टुडिओत जेम्स जेमरसनचा बेस थेट कन्सोलमध्ये जायचा. लंडनला ईएमआयच्या स्टुडिओत १९६७ साली बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या वेळी केन टाउनसेंड यांनी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून पॉल मॅकार्टनीचा बेस नोंदवला गेला. ‘डिरेक्ट इंजेक्शन’, म्हणजे डीआय, हे नाव त्याच कुळातले.

विकत कोणता घ्यावा, हे लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत उभे राहून मला अनेकदा विचारले गेले आहे. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, लॅपटॉप, इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांचे उगम दमदार असतात. त्यांना ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआय उत्तम. पिएझोला, आणि बॅटरी नसलेल्या बेसला, ४८ व्होल्टच्या फँटमवर चालणारा अॅक्टिव्ह. पैसे वाचवायचेच असतील तर जॅकवर वाचवा, ट्रान्सफॉर्मरवर नको. स्वस्त डबीत लोखंडाचा गाभा इवलासा असतो. ऑक्टोपॅडवर ढोलाचा ठोका पडला की तो तुडुंब भरतो, आणि ठोक्याऐवजी थप्प असा आवाज येतो.

आणि डीआयला सगळे जमते असेही समजू नये. सतारीचा पिकअप तार ऐकवतो, भोपळा ऐकवत नाही. हार्मोनियमला माझ्या मते माईकच हवा. जिथे दोन्ही लावता येतात, तिथे माईक एखाद्या फुटावर असला तरी त्याचा आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद मागून येतो, आणि तेवढ्याने दोन्ही आवाज एकमेकांना खातात किंवा फुलवतात. त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. ते मी सर्वांत जास्त वेळा फाडून पुन्हा लिहिले.

वाचायला बसण्यापूर्वी एक जुना पॅसिव्ह डीआय आणि साधा मल्टिमीटर जवळ घ्या. खालचे चार स्क्रू काढा. आत फारसे काही नाही: धातूच्या डब्यात बंद केलेला सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर, दोन-चार रेझिस्टर, दोन बटणे, आणि एकमेकांना जोडलेले दोन जॅक, ज्यांतला दुसरा सिग्नल जसाच्या तसा अँपकडे पाठवतो. मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक टोक इनपुट जॅकच्या बाहेरच्या कड्याला लावा, दुसरे कॅननच्या एक नंबर पिनला. मीटर बीप करील. आता मीटरची टोके न हलवता ग्राउंड लिफ्टचे बटण सरकवा आणि ऐका. बीप थांबला, तर पान उलटा. पहिले प्रकरण तिथूनच सुरू होते.