शिकवले ते तरले

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिसिसिपी नदीचे पात्र रुंदावून पेपिन सरोवर तयार होते. त्याच्या काठच्या लेक सिटी गावात १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युअल्सन या १८ वर्षांच्या मुलाने पाण्यावर उभे राहायचा ध्यास घेतला. पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, बर्फावरच्या स्की लावून पाहिल्या. कशावरही तोल राहीना. मग त्याने ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद अशा दोन फळ्या घेतल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत्या पाण्याने त्यांची टोके मऊ करून वर वाकवली आणि पावले अडकवायला चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या. भाऊ बेन मोटरबोट चालवी आणि राल्फ पुन्हा पुन्हा पाण्यात पडे. अखेर २ जुलैला अंग मागे रेलून, स्कीची टोके पाण्याबाहेर ठेवून तो उठला. ‘टोके वर ठेव, बोटीला ओढू दे’ हे आज नवशिक्याला सर्वांत आधी सांगतात. म्हणजे वॉटर स्कीइंगचा खरा पहिला शोध फळीचा नव्हता, अंगस्थितीचा होता; दुसऱ्याला सांगता येईल अशा एका गोष्टीचा होता.

पण ती पुढे सांगितली जाईल अशी सोय झाली नाही. सॅम्युअल्सनने जाहीर खेळ केले, १९२५ मध्ये चरबी चोपडलेल्या उतरत्या फळीवरून उडीही मारली. मात्र त्याने पेटंट घेतले नाही आणि शिष्यपरंपराही उभी केली नाही. त्याच वर्षी फ्रेड वॉलर याने आपल्या स्कीचे पेटंट मिळवले. सॅम्युअल्सनचे नाव इतके विसरले गेले की १९६३ मध्ये एका पत्रकार महिलेने ते पुन्हा उजेडात आणले, आणि अमेरिकी संघटनेने त्याला आद्य वॉटर स्कीपटू म्हणून मान्यता दिली ती १९६६ मध्ये. इतका मोठा पराक्रम चाळीस वर्षे बाजूला पडू शकतो, यातूनच या खेळाचा इतिहास कसा वाचावा हे कळते. धाडसाने खेळ जन्माला येतो. पण तो टिकतो आणि वाढतो, तो शिकवण्याजोगा झाल्यावरच.

ते घडले मोजमापामुळे. १९३९ मध्ये अमेरिकी वॉटर स्की संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९४९ मध्ये फ्रान्समधल्या ज्वाँ-ले-पाँ इथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. स्पर्धा आली की नियम येतात, नियम आले की मापे येतात. आजचा स्लॅलमचा, म्हणजे बोयांना वळसे घालत जाण्याच्या प्रकाराचा, मार्ग २५९ मीटरचा आहे. दोन्ही टोकांना फाटके, मध्ये आळीपाळीने डावी-उजवीकडे सहा बोया. पुरुषांसाठी बोटीचा सर्वाधिक वेग ताशी ५८ किलोमीटर, महिलांसाठी ५५. सहाही बोयांना वळसा घातला की दोर आखूड करतात: १८.२५ मीटरवरून १६, मग १४.२५, असे करत १०.२५ आणि त्याहूनही कमी. बोया मात्र मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर जिथल्या तिथे असतात. म्हणजे १०.२५ मीटरच्या दोराला बोया सव्वा मीटर लांब पडतो. ते अंतर ताणलेला हात आणि पाण्यावर झुकलेले शरीर यांनी भरून काढायचे असते.

प्रशिक्षणाची पद्धत या आकड्यांतूनच ठरते. ५८ च्या वेगाला पूर्ण मार्ग सुमारे १६ सेकंदांत संपतो. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत अडीच सेकंद मिळतात. एवढ्यात ओरडून सांगितलेले कानावर पडणार नाही, पडले तरी पायांपर्यंत पोहोचणार नाही. म्हणून जाणता प्रशिक्षक फेरीच्या आधी एकच सूचना देतो. खेळाडू चौथ्या बोयाजवळ पडला, तर त्याला वाटते चूक चौथ्या वळणात झाली. बोटीत बसून पाहणाऱ्याला बहुधा दिसते की तो फाटकातूनच उशिरा शिरला होता. तो उशीर प्रत्येक बोयाला वाढत गेला आणि चौथ्याला हिशेब चुकता झाला. म्हणून चांगले शिक्षण खेळाडूला आधी मागे नेते: दोर लांब करा, वेग उतरवा, फाटक सुधारा. दोराची प्रत्येक लांबी ही एक इयत्ता आहे आणि खालची इयत्ता पक्की झाल्याशिवाय वरचीत बसवण्यात खेळाडूचे भले नाही.

यावर कोणी म्हणेल की अँडी मॅपलसारखा खेळाडू घडवता येत नाही. हा इंग्लंडचा खेळाडू १९८१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, स्लॅलमचा जगज्जेता झाला आणि १९८९ मध्ये पुन्हा झाला. एवढी प्रतिभा शिकवून येत नाही, हे खरेच. पण २०१५ मध्ये तो गेला, तेव्हा त्याची प्रतिभा त्याच्याबरोबर संपली नाही. त्याने स्कीची रचना केली, इतरांना शिकवले. त्याची शांत, अनावश्यक हालचाल नसलेली शैली पुढच्यांना अभ्यासता आली, कारण मार्ग तोच होता आणि दोराची मापे तीच होती. सॅम्युअल्सनच्या वाट्याला जे आले नाही, ते मॅपलला मिळाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोट, इंधन आणि शांत पाणी यांचा खर्च मोठा आहे. मग शिकवणे म्हणजे ऐपत असणाऱ्यांची सोय नव्हे का? खर्च नाकारता येत नाही, पण म्हणूनच प्रत्येक फेरी मोलाची ठरते आणि वाया गेलेली फेरी जास्त खुपते. शिवाय हा खेळ एकट्याने खेळताच येत नाही. कोणालातरी बोट चालवावी लागते, कोणालातरी मागे नजर ठेवून बसावे लागते. पूर्वी चालकाला हाताने वेग सांभाळावा लागे, घड्याळ लावून वेळ तपासावी लागे. आता जीपीएसवर चालणारी यंत्रणा वेग राखते. त्याने बोटीतल्या माणसाचे काम संपले नाही. वेगाच्या काळजीतून सुटलेले लक्ष आता तो पूर्णपणे खेळाडूकडे देऊ शकतो. हा खेळ असा शिकवण्यावरच टिकतो, म्हणून विक्रमांच्या याद्या ठेवणाऱ्या संघटनांनी कोणी कोणाला काय शिकवले याचीही नोंद ठेवायला हवी. ती नसली तर काय हरवते, हे या खेळाने आपल्याच आद्य पुरुषाच्या बाबतीत अनुभवले आहे.