रात्रीची वाहतूक आणि झोप: 'सवय झाली' म्हणजे त्रास संपला का?

राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुना क्रमांक ६) नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली असा पुढे छत्तीसगडकडे जातो. हावडा-नागपूर-मुंबई रेल्वेमार्गही याच जिल्ह्यातून, वरठी आणि तुमसर रोडवरून जातो. ट्रक आणि मालगाड्या रात्रभर धावतात. अशा रस्त्यालगत किंवा रुळांलगत राहणाऱ्यांना झोपेबद्दल विचारलं, तर अनेकदा एकच उत्तर मिळतं, 'आता सवय झाली.'

हे उत्तर अर्धंच खरं आहे. सवय मनाला होते, शरीराला पूर्णपणे होत नाही.

झोपेत आवाज ऐकू येतो का?

येतो. डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नाहीत. झोपेतही कान आवाज टिपतात आणि मेंदू तो धोक्याचा आहे की नाही हे तपासत राहतो. म्हणूनच ढगांच्या गडगडाटात न उठणारी आई बाळाच्या हलक्या रडण्याने जागी होते.

अचानक हॉर्न वाजला की मेंदू शरीराला सावध करतो. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब थोडा चढतो, ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं स्रवू शकतात. गाढ झोप काही सेकंदांसाठी उथळ होते. माणूस उठून बसत नाही आणि सकाळी त्याला काही आठवतही नाही. पण रात्रभर असं पुन्हा पुन्हा झालं, तर आठ तास झोपूनही अंग जड वाटतं, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही.

रोज तोच आवाज ऐकणारी माणसं हळूहळू कमी वेळा जागी होतात, हे संशोधनात दिसलं आहे. मात्र हृदयाचे ठोके वाढणं तितकंसं कमी होत नाही. 'सवय झाली' यातला राहून जाणारा भाग तो हाच.

रात्री गाड्या कमी, मग त्रास जास्त का?

झोपेसाठी सरासरी आवाजापेक्षा त्यातला चढउतार महत्त्वाचा असतो. दिवसा गोंगाट सतत असतो. रात्री शांततेत एकच ट्रक येतो, हॉर्न देतो आणि जातो. तो एकच आवाज झोप मोडायला पुरतो.

नागपूरच्या 'नीरी' या संस्थेतील संशोधकांनी शहरातल्या वाहतुकीचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. हॉर्नमुळे वाहतुकीच्या आवाजात २ ते ५ डेसिबलची भर पडते, असं त्यांना आढळलं. आकडा छोटा दिसतो, पण डेसिबलचं गणित वेगळं आहे. ३ डेसिबल वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट. उलट बाजूने पाहिलं, तर रस्त्यावरच्या गाड्या निम्म्या केल्या तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच उतरतो.

ऋतूचाही फरक पडतो. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असते. त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबच्या मालगाडीचा भोंगा गावात स्पष्ट ऐकू येतो. उन्हाळ्यात विदर्भातली माणसं अंगणात किंवा गच्चीवर झोपतात. घरात कूलर लावला तरी हवा खेळती राहण्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते. भिंत आणि खिडकी मिळून जो आवाज अडवतात, तो मग थेट उशाशी येतो.

दीर्घकाळात काय होतं?

वर्षानुवर्षं रस्त्याचा गोंगाट सहन करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळतो. रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या खाली असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी शिफारस केली. त्याआधी २०११ च्या अहवालात संघटनेने म्हटलं होतं की, वाहतुकीच्या आवाजामुळे पश्चिम युरोपात दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान १० लाख वर्षं वाया जातात. त्यातला सर्वात मोठा वाटा, सुमारे ९ लाख वर्षं, झोपमोडीचा होता.

कायदा काय सांगतो?

भारतात २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत निवासी भागात ४५, व्यापारी भागात ५५ आणि शांतता क्षेत्रात ४० डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार निवासी भागात रात्री आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवायला मनाई आहे. वेगवेगळ्या सुरांत वाजणारे हॉर्न तर मोटार वाहन नियमांनुसार कोणत्याही वेळी चालत नाहीत. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ फ नुसार पहिल्यांदा १,००० आणि त्यानंतर २,००० रुपये दंड आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणात झोप हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

घरी काय करता येईल?

• झोपायची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावी. ते शक्य नसेल तर निदान पलंग रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर सरकवावा.
• खिडकीच्या फटी रबरी पट्टीने बुजवाव्यात. जिथून हवा येते तिथूनच आवाज येतो.
• कूलर किंवा पंख्याचा एकसारखा आवाज हॉर्नचा अचानकपणा थोडा झाकतो. कूलरची खिडकी शक्यतो मागच्या बाजूची निवडावी.
• झाडांच्या एका रांगेने आवाज फारसा अडत नाही. रस्ता नजरेआड करणारी भरीव, उंच भिंत जास्त उपयोगी पडते.
• कानात घालायचे बोळे उपयोगी आहेत, मात्र ते स्वच्छ हवेत.

घरातल्या उपायांना मर्यादा आहे. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी ध्वनिरोधक भिंती उभारल्या आहेत. वस्तीजवळही अशा भिंती बांधता येतात, पण त्याला पैसा आणि वेळ लागतो. रात्री वस्तीतून जाताना हॉर्न न वाजवणं हा एकच उपाय असा आहे, ज्याला काहीही खर्च नाही आणि तो आज रात्रीपासून सुरू करता येतो.