गुरूच्या हवेतील जड हायड्रोजन

सिरसाळ्याच्या विहिरीतले पाणी घ्या की समुद्राचे, त्यात साध्या हायड्रोजनबरोबर थोडा जड हायड्रोजन असतोच. साध्याच्या अणुगर्भात एकटा प्रोटॉन. जडाच्या गर्भात त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉन. यालाच ड्यूटेरियम म्हणतात. उन्हाळ्यात तळे आटू लागले की हलके पाणी आधी उडून जाते आणि मागे उरलेले किंचित जड होते. याच न्यायाने द्रवरूप हायड्रोजन आटवून हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ साली त्याचा शोध लावला.

ताऱ्याच्या भट्टीत हा जड हायड्रोजन टिकत नाही. सूर्याने आपला वाटा केव्हाच जाळून टाकला. गुरू मात्र तारा होण्याइतका तापलाच नाही. त्यामुळे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा मूळ वायू, पेवात पुरून ठेवलेल्या ज्वारीसारखा, त्याच्यापाशी शिल्लक राहिला.

१९७२ साली गुरूच्या वर्णपटात जड हायड्रोजन असलेल्या मिथेनच्या खुणा सापडल्या. पण दुरून काढलेले प्रमाण अंदाजाचेच. पुढे ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी खुद्द गुरूच्या हवेत उतरली. तासाभरात ती मुकी झाली. पण तेवढ्यात तिच्यातील यंत्राने वायूचे कण वजनावरून वेगळे करून मोजले. हिशेब निघाला: दहा लाखांमागे सुमारे २६, फार तर सात इकडेतिकडे. पृथ्वीवरील समुद्रात हेच प्रमाण १५६ आहे. कारण थंड अवकाशात गोठलेल्या बर्फात जड हायड्रोजन अधिक साठतो.

आता खरा प्रश्न. तारे त्याला जाळतात, साठवीत नाहीत. मग तो आला कोठून? महास्फोटवादी म्हणतात, विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत. हा आरंभ ज्यांना मान्य नव्हता, त्या आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांना उत्तर देणे भागच होते. हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ साली त्यांनी ते दिले: लहान लहान निर्मितिघटनांतून हलकी अणुकेंद्रे घडत राहतात. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटले नाही. दूरच्या वायुमेघांतील मोजमापे महास्फोटाच्याच बाजूने गेली. नारळीकर २०२५ साली निवर्तले. पण आपल्या मताला सर्वांत अडचणीचा ठरणारा पुरावा त्यांनी डोळ्याआड केला नाही. विज्ञानात वाद घालावा तो असा.