ख्रिस्तकेंद्री बायबल-वाचन

बायबलमधील जुना करार व नवा करार मिळून येशू ख्रिस्ताकडे नेणारी एकच कथा सांगतात, असे मानून प्रत्येक भागाचा अर्थ लावण्याच्या पद्धतीस ख्रिस्तकेंद्री बायबल-वाचन म्हणतात. जुना करार हा मुळात ज्यूंचा पवित्र ग्रंथ असून ते त्याचे वाचन ख्रिस्ताविना करतात. त्यामुळे ही पद्धत आरंभापासून वादाचा विषय राहिली आहे.

आधार

लूककृत शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात पुनरुत्थित येशू अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना मोशे व संदेष्टे यांच्या ग्रंथांतील स्वतःविषयीच्या गोष्टी उलगडून सांगतो. त्या नेमक्या कोणत्या, हे लूक सांगत नाही. ती यादी पुढील पिढ्यांनी आपापल्या परीने भरली.

प्रतिरूप

जुन्या करारातील व्यक्ती, घटना किंवा विधी पुढे येणाऱ्या ख्रिस्ताची पूर्वछाया ठरतो, तेव्हा त्यास प्रतिरूप म्हणतात. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदामास प्रतिरूप म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात मोशेने अरण्यात उंच केलेल्या सर्पाशी क्रुसाचे नाते जोडले आहे. प्रतिरूपात मूळ घटना खरी व स्वतंत्र राहते, रूपकात ती केवळ खूण उरते. ही सीमा पुष्कळदा ओलांडली गेली. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला पाठविलेल्या क्लेमेंटच्या पत्रात राहाबेने खिडकीला बांधलेला किरमिजी दोर म्हणजे ख्रिस्ताचे रक्त असा अर्थ आढळतो. यहोशवाच्या मूळ कथेत मात्र तो घर ओळखण्याची खूण एवढाच आहे.

इतिहास

दुसऱ्या शतकात मार्शनने जुना करार पूर्णपणे नाकारला. त्याला उत्तर देताना चर्चला याच वाचनाचा मोठा उपयोग झाला. हिब्रू ग्रंथ ख्रिस्ती बायबलमध्ये टिकण्याचे हे एक प्रमुख कारण होय. अलेक्झांड्रियातील ओरिजेनने रूपकार्थाला मोकळी वाट दिली. अंत्युखियाच्या परंपरेतील मोप्सुएस्तियाचा थिओडोर याने मात्र केवळ चार स्तोत्रे थेट ख्रिस्ताविषयीची मानली. धर्मसुधारणेच्या काळात कॅल्विननेही संयम राखला. उत्पत्तीच्या पहिल्याच वचनातील देवासाठीच्या अनेकवचनी हिब्रू शब्दातून त्रैक्य सिद्ध होत नाही, असे त्याने लिहिले. अशा अर्थनिर्णयांमुळे लूथरपंथीय हुन्नियसने १५९३ मध्ये त्याच्यावर ज्यूंप्रमाणे अर्थ लावल्याचा आरोप केला.

उपयोजन

दावीद व गल्याथ यांच्या कथेतून ‘शूर व्हा’ असा बोध देणे हे नीतिपर प्रवचन झाले. ख्रिस्तकेंद्री प्रवचनात श्रोता दावीदाच्या जागी नसून भेदरलेल्या इस्राएली सैन्यात असतो. एकाचा विजय सर्वांच्या पदरी पडतो.

आक्षेप

यशया ७:१४ मधील हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुण स्त्री’ असा होतो. ग्रीक भाषांतरात तेथे ‘कुमारी’ आले व मत्तयाने तेच घेतले. या वचनात आहाज राजाच्या काळातील संकटाचा संदर्भ आहे, याकडे ज्यू भाष्यकार लक्ष वेधतात. ख्रिस्ती वाचनाने ज्यूंना स्वतःच्याच ग्रंथाबाबत आंधळे ठरविले, ही तक्रार निराधार नाही. कॅथलिक चर्चच्या पोंटिफिकल बिब्लिकल कमिशनने २००१ मध्ये ज्यू वाचनही एक शक्य वाचन असल्याचे मान्य केले.

मराठीत

थॉमस स्टीफन्सच्या, १६१६ मध्ये प्रथम छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ची रचना याच दृष्टीची आहे. त्याच्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा तारणाऱ्याच्या प्रतीक्षेच्या अंगाने येते, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र आहे.